जुनेपणाचे भांडवल : लिथुएनियन, डच आणि कारल्याचा सिंहस्तंभ

मराठीच्या प्राध्यापकवर्गात लिथुएनियन भाषेविषयी जो जिव्हाळा दिसतो, तो त्या भाषेतील साहित्यामुळे नव्हे. एखाद्या लिथुएनियन कवीचे वा कादंबरीकाराचे नाव विचारले तर बहुतेक व्याख्यानमंडप गप्प होतील. जिव्हाळा आहे तो एका यादीविषयी. सूनु–सूनुस, अवि–अविस, अग्नि–उग्निस, धूम–दूमास, दन्त–दान्तिस, देव–दिएवास, वीर–वीरास, शत–शिम्तास. ही यादी फळ्यावर उतरली की वर्गात समाधानाची एक लहर पसरते. मग तात्पर्य येते : बाल्टिक समुद्राच्या काठी लोक अजून जवळजवळ संस्कृतच बोलतात; संस्कृत आपली; सबब. या ‘सबब’नंतर काय येईल ते वक्त्यागणिक बदलते. कोणी त्यातून आर्यांचे मूलस्थान काढतो, कोणी विश्वगुरुत्व, आणि सौम्य प्रकृतीचा कोणी मराठीचे प्राचीनत्व. पुष्ट्यर्थ आंत्वान मेय्ये यांच्या नावावर सांगितले जाणारे एक वचनही येते : आदिम इंडो-युरोपियन कशी बोलली जात असे हे ऐकायचे असेल तर लिथुएनियातील शेतकऱ्याचे बोलणे ऐकावे. मेय्ये यांनी यापलीकडे काय लिहिले याची चौकशी सहसा होत नाही.

मावळातील एका महाविद्यालयाच्या चर्चासत्रात ही यादी मी अलीकडेच पुन्हा ऐकली. वक्ते अनुभवी होते, आवाज खणखणीत होता, आणि समोर बसलेली मुले ती यादी वहीत उतरवून घेत होती. तेथून कारल्याचे लेणे दिसण्याइतके जवळ. त्या लेण्यात दगडावर कोरलेले जे भाषाशास्त्र आहे, त्याचा उल्लेख मात्र दिवसभरात एकदाही झाला नाही. हा लेख त्या एका वक्त्याविरुद्ध नाही. ते जे बोलले ते आपल्या विभागांतून गेली कित्येक वर्षे बोलले जात आहे, परीक्षेत लिहिले जात आहे आणि त्याला गुणही मिळत आहेत. आक्षेप त्या सवयीवर आहे.

प्रथम या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवू. डच भाषेला (आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या वलंदेजांच्या, वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेल्यांच्या भाषेला) अशा सभांत कोणी बोलावत नाही. दिसायला ती अगदीच सामान्य : विभक्ती झिजलेल्या, उच्चार घशातले, इंग्रजी आणि जर्मन या दोन घरांच्या मधल्या बोळात राहणारी. पण संस्कृत ‘पितृ’ला डचमध्ये ‘वादर’ आहे. लिथुएनियनमध्ये बापाला ‘तेवास’ म्हणतात, ‘पितृ’चा तेथे पत्ता नाही. संस्कृत ‘नाम’ला डचमध्ये चक्क ‘नाम’ आहे, लिथुएनियनमध्ये ‘वार्दास’. ‘तारा’ला डचमध्ये ‘स्टेर’, लिथुएनियनमध्ये ‘झ्वाइग्झ्दे’. बाप, नाव आणि तारे या तीन गोष्टींवर कोणाला एखादा सिद्धान्त उभा करायचा असेल तर ॲमस्टरडॅम ही आर्यांची जन्मभूमी ठरवायला हरकत नसावी.

विनोद वाटेल, पण हा विनोद एका माणसाने गंभीरपणे करून ठेवला आहे. योहानेस गोरोपियस बेकानस हा अँटवर्पचा वैद्य. त्याने १५६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की अँटवर्पच्या आसपास बोलली जाणारी ब्राबांती डच हीच नंदनवनातली, आदम आणि ईव्ह यांची भाषा. आदमच्या नावाचीही त्याने डचमध्ये फोड करून दाखवली : ‘हाट’ म्हणजे द्वेष, ‘डाम’ म्हणजे बांध, म्हणून आदम म्हणजे द्वेषाला घातलेला बांध. पुढे लाइब्निट्झने अशा व्युत्पत्तींना बेकानसच्या नावावरून एक क्रियापदच तयार करून दिले. आपल्याकडे हे काम पु. ना. ओक यांनी केले. व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, हे त्यांचे शोध महाराष्ट्रात ऐकले नाहीत असा माणूस विरळा. बेकानस आणि ओक यांच्यात साडेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पद्धत एकच : कानाला जे सारखे लागते ते एक. फरक इतकाच की हॉलंडात बेकानस आज भाषाशास्त्राच्या इतिहासातली एक गंमत म्हणून शिकवला जातो. ओकांना आपण हसतो खरे, पण लिथुएनियन यादी फळ्यावर लिहिताना आपण वापरतो ती त्यांचीच फूटपट्टी.

आता कोणी म्हणेल की ओकांची व्युत्पत्ती खोटी आहे आणि लिथुएनियन यादी खरी आहे. बरोबर. ‘सूनुस’ आणि ‘सूनु’ हे खरोखरच एका मूळचे शब्द आहेत. पण ते एका मूळचे का, याचे उत्तर ‘सारखे दिसतात म्हणून’ हे नव्हे. डच ‘झोन’ हाही त्याच मूळचा. डचमध्ये मेंढीला ‘ओय’ म्हणतात. हा ‘ओय’ आणि ‘अवि’ यांत एकही वर्ण ओळखू येत नाही, तरी ‘ओय’ हा ‘अवि’चा तितकाच सख्खा, जितका ‘अविस’. संस्कृत ‘पाद’ आणि डच ‘वूट’, संस्कृत ‘शत’ आणि डच ‘होन्डर्ट’, या जोड्या कानाला पटत नाहीत, नियमाला पटतात. आरंभीचा ‘प’ जर्मानिक शाखेत ‘फ’ झाला, ‘द’चा ‘ट’ झाला, ‘क’चा ‘ह’ झाला, आणि हे एका शब्दात नव्हे, तर ज्या ज्या शब्दात ती परिस्थिती होती तेथे सर्वत्र झाले. नाते ठरते ते या ‘सर्वत्र’मुळे. साम्य हा फार तर संशयाचा आरंभ असतो.

एक गोष्ट लिथुएनियनच्या बाजूची मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ‘शत’ आणि ‘शिम्तास’ यांतला ‘श’ हा नुसता योगायोग नाही. मूळच्या एका विशिष्ट ‘क’कारसदृश ध्वनीचा ऊष्म उच्चार होणे ही घटना भारत-इराणी आणि बाल्टो-स्लाव्हिक या दोन्ही शाखांत घडली, जर्मानिकमध्ये घडली नाही. म्हणजे या दोन शाखा कधीकाळी शेजारी असाव्यात असे म्हणायला जागा आहे. पण शेजार म्हणजे वंश नव्हे. संस्कृत ही लिथुएनियनची आई नाही, डचचीही नाही. तिघी एका हरवलेल्या घरातून निघालेल्या. विल्यम जोन्सने कलकत्त्याला १७८६ मध्ये ते घर ‘कदाचित आता अस्तित्वात नसलेले’ म्हटले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. त्याच्या १३९ वर्षे आधी, १६४७ मध्ये, लायडनच्या बॉक्सहॉर्नने डच, ग्रीक, लॅटिन, फारसी या भाषांना एक लुप्त पूर्वज असावा असे मांडले आणि नुसते शब्द नकोत, रूपेही पाहा असे सांगितले, हे मात्र नसते. वलंदेजांकडून काही शिकायचे तर हे.

रूपे पाहू लागलो की चित्र आणखी गुंतते, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथे. संस्कृतात ‘वेद’ हे क्रियापदही आहे : मी जाणतो. रूपाने ते भूतकाळी, अर्थाने वर्तमान, द्वित्व नसलेले. वैयाकरणांना नेहमी छळणारे. डचमध्ये ‘मला माहीत आहे’ याला ‘इक वेट’ म्हणतात. हे ‘वेट’ म्हणजे तेच रूप, त्याच विचित्रपणासह. लिथुएनियन माणूस तेथे ‘झिनाउ’ म्हणतो, जो आपल्या ‘ज्ञा’चा भाऊ आहे, पण ते जुने रूप त्याने टाकून दिले. डचमध्ये ‘होता’ला ‘वास’ आणि ‘होते’ला ‘वारन’ म्हणतात. हा ‘स’ आणि ‘र’ यांचा अदलाबदल का, याचे उत्तर कार्ल व्हर्नरने १८७०च्या दशकात दिले : मूळ शब्दात स्वराघात कोठे होता त्यावर ते अवलंबून होते, आणि तो आघात कोठे होता हे सांगायला वेदांच्या स्वरचिन्हांची साक्ष लागली. म्हणजे बाजारात भाजी घेताना ‘वास–वारन’ म्हणणारा डच माणूस वैदिक उदात्ताची एक सावली तोंडात बाळगून असतो. ती त्याला ऐकू येत नाही, आपल्यालाही येत नाही, पण ती आहे.

षष्ठीचे पाहा. संस्कृत ‘वृकस्य’. लिथुएनियनमध्ये लांडग्याला ‘विल्कास’ म्हणतात, आणि प्रथमेचा तो ‘स’ पाहून आपण हरखतो; पण ‘लांडग्याचा’ म्हणायचे झाले की ती भाषा ‘विल्को’ म्हणते, आणि हे रूप षष्ठीचे नव्हेच, जुन्या पंचमीचे आहे, ‘वृकात्’चे. षष्ठी तेथे मेली. पंचमी तिच्या घरात राहायला आली. डचमध्ये विभक्ती जवळजवळ संपल्या, पण ‘संध्याकाळी’ या अर्थाच्या ‘स् आवोन्त्स’सारख्या वाक्प्रयोगांत षष्ठीचा ‘स’ अजून चिकटून आहे, आणि तो ‘-स्य’चा जवळचा आप्त आहे. लिंगांचे पाहा. जिवंत भाषांत सर्वांत जुन्या वळणाची म्हणून गाजलेल्या लिथुएनियनने नामांचे नपुंसकलिंग गमावले. डचने ते ठेवले, पण पुल्लिंग-स्त्रीलिंग यांची बेरीज करून टाकली. मराठीने तिन्ही ठेवली. तो, ती, ते. आता हे विल्न्युसला पत्राने कळवायचे काय?

कोणती भाषा ‘अधिक जुनी’ या प्रश्नाला अर्थ नाही, एवढेच यातून निघते असे नाही; प्रश्न कोणत्या अर्थाने विचारला हे सांगितल्याशिवाय तो विचारूच नये, हे निघते. रूपांच्या जपणुकीचे म्हणाल तर लिथुएनियन अनेक बाबतींत पुढे आहे. सात विभक्ती तिने जिवंत राखल्या, भविष्यकाळात संस्कृतासारखा ‘स’ राखला. लेखनाचे म्हणाल तर तिचे पहिले छापील पुस्तक १५४७ मधले, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर अडीचशे वर्षांनी. डचचे तुटक का होईना लेखन त्याहून कितीतरी आधीचे. आणि वंशाचे म्हणाल तर आज पृथ्वीवर बोलली जाणारी कोणतीही भाषा दुसरीहून जुनी वा नवी नाही. प्रत्येकीच्या मागे आयांची सारखीच लांब रांग उभी आहे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपली भाषणे एका वाक्यात एकीवरून दुसरीवर उडी मारतात, आणि उडी मारताना टाळी मिळते.

या सर्वांत मराठीची फसवणूक कोठे होते ती सांगतो. लिथुएनियन यादीशेजारी मराठीचे म्हणून जे शब्द ठेवले जातात (अग्नी, दंत, पुत्र, शतक, वीर), ते मराठीला वारशाने आलेले नाहीत; ते तिने ग्रंथांतून उसने आणलेले आहेत. इंग्रजीतल्या लॅटिन शब्दांवरून कोणी इंग्रजीला रोमची कन्या म्हणाला तर आपण त्याला पहिल्या वर्षाच्या वर्गात परत पाठवू. मराठीला वारशाने जे आले ते ‘अग्नि’ नव्हे, ‘आग’. ‘दन्त’ नव्हे, ‘दात’. ‘शत’ नव्हे, दोनशेतला ‘शे’. ‘नाम’ नव्हे, ‘नाव’. ‘कर्ण’ नव्हे, ‘कान’. हे शब्द झिजलेले आहेत, गुळगुळीत झालेले आहेत, आणि त्यांच्यातला जुनेपणा उकरल्याशिवाय दिसत नाही. लिथुएनियन लोकांत एक म्हण आहे, देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. तिचे शब्द संस्कृतात जवळजवळ जसेच्या तसे उतरतात म्हणून तुलनाकार ती हौसेने सांगतात. त्यातली भाकरी संस्कृत ‘धाना’ची, म्हणजे भाजलेल्या धान्याची, बहीण आहे. आपली म्हण दात आहेत तर चणे नाहीत अशी आहे. श्रद्धेतला फरक असो. भाषेच्या दृष्टीने मराठीचा चेहरा लिथुएनियनसारखा नाही, डचसारखा आहे. ‘ओय’मध्ये ‘अवि’ जितका लपला आहे, तितकाच ‘शे’मध्ये ‘शत’. आपल्याला आरसा हवा होता, आणि आपण नेमका तो सोडून दुसऱ्याचे छायाचित्र भिंतीवर लावले.

हे शालेय व्याकरणातही झाले आहे. डच लोक लेखनात विभक्तीचा एक ‘न’ पिढ्यान्‌पिढ्या लिहीत होते, जो बोलण्यातून केव्हाच गेला होता. १९४६–४७च्या लेखनसुधारणेत त्यांनी तो सोडला. आपण १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडले, हे त्याच जातीचे शहाणपण होते. मात्र विभक्तींचा आठ घरांचा तक्ता, संस्कृताच्या मापाने शिवलेला, मुले अजून पाठ करतात. आणि मराठीची खरी करामत जे सामान्यरूप (‘घर’चे ‘घरा-’, मग त्याला ला, ने, त, हून काय हवे ते लागते) ते तक्त्याखालच्या टिपेत पडून राहते.

आता कारल्याकडे येऊ. सातवाहनांच्या येथील लेखांत ‘मामल’ नावाच्या आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख आहे. हेच मावळ. परिसरात विचाराल तर निराळी व्युत्पत्ती ऐकायला मिळते : सूर्य मावळतो त्या बाजूचा प्रदेश तो मावळ. गोड आहे, पुण्याहून पाहणाऱ्याला पटण्याजोगी आहे, आणि तिच्यासाठी काहीच सिद्ध करावे लागत नाही. ‘मामल’ला मात्र दोन नियम पार करावे लागतात. दोन स्वरांमधला ‘म’ मराठीत ‘व’ झाला, आणि मधल्या काळात तो नाकातून उच्चारला जात होता : ग्राम–गाम–गांव, नाम–नांव. (१९६२पर्यंत आपण जो अनुस्वार लिहीत होतो तो त्या ‘म’चे अखेरचे चिन्ह.) आणि दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ हा ‘ळ’ झाला : फल–फळ, काल–काळ. ‘मामल’ला दोन्ही नियम लावा, मावळ मिळते. शब्दारंभीचा ‘म’ तसाच राहतो, कारण तो दोन स्वरांमध्ये नाही. यात कोणाची प्रतिभा लागत नाही. बी.ए.च्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासात शिकवता येते.

याच नियमाची दुसरी बाजू पाहा. जोड ‘ल्ल’ असेल तर ‘ळ’ होत नाही : गल्ल–गाल, फुल्ल–फूल. म्हणून ‘पल्ली’पासून आलेल्या बोरिवली, कांदिवली, डोंबिवली यांच्यात ‘ल’ आहे. लोणावळ्याच्या नावातही ‘पल्ली’ आहे असे सहज सुचवणाऱ्याने तेथला ‘ळ’ कोठून आला ते आधी सांगावे. आणि लोणावळा हे ‘लेणावली’, लेण्यांची ओळ, यापासून आले अशी जी फलकांवर आणि पर्यटनपुस्तिकांत मिरवणारी व्युत्पत्ती आहे, तिचा उत्तरार्ध नियमात बसतो (आवली–आवळी), पूर्वार्ध बसत नाही. ‘लयन’चे ‘लेणे’ झाले ते ‘ए’ घेऊन. त्याचा या एकाच गावी ‘ओ’ का व्हावा? लेणी जवळ आहेत हा पुरावा नव्हे. लेणी भाज्यालाही जवळ आहेत.

चैत्यगृहाबाहेर सिंहस्तंभ उभा आहे. त्यावरच्या लेखात ‘महारठि’ पदवी असलेल्या, गोतीचा पुत्र अशा अग्निमित्रणकाने तो दान दिल्याची नोंद आहे. महाराष्ट्र शब्दाचे मूळ म्हणून ‘महारठि’वर आपल्याकडे रीमच्या रीम लिहून झाले. माझे लक्ष त्या ओळीतल्या एका क्षुल्लक अक्षराकडे जाते. पदवी, मातृनाम आणि नाव असे तीन शब्द लागोपाठ ‘-स’ने संपतात. हा संस्कृत ‘-स्य’. प्राकृतात ‘-स्स’ झालेला, ब्राह्मीत जोडाक्षर न लिहिण्याच्या प्रघातामुळे नुसता ‘-स’. पुढे त्याचा ‘ह’ झाला, ‘ह’ही गेला, आणि मागे राहिला तो ‘आ’. ‘घरा-ला’ म्हणताना ‘घर’चे ‘घरा’ करणारा तो ‘आ’ याच षष्ठीचा अवशेष आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि ‘घर’ हा शब्दही तेथेच आहे : वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या लेखात लेण्याला ‘सेलघर’, शैलगृह, म्हटले आहे. ‘गृह’ नव्हे, ‘घर’. ज्या धेनुकाकटाच्या यवनांनी आतले खांब दिले, त्यांच्या नावांनाही हाच ‘-स’ लागला आहे. डच माणसाच्या ‘स् आवोन्त्स’मधला ‘स’, अग्निमित्रणकाच्या खांबावरचा ‘स’ आणि आपल्या ‘घराला’मधला ‘आ’ ही एकाच कुटुंबातली माणसे आहेत. लिथुएनियन या छायाचित्रात नाही. एखाद्या शिक्षकाला वर्गात थरार निर्माण करायचा असेल तर याहून अधिक काय लागते?

पण या खांबाचा उपयोग आपण वेगळाच केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने आपला अहवाल दुसऱ्याच वर्षी दिला होता. मध्ये एक तप गेले. दर्जा मिळाला याचे मला दुःख नाही. निधी येत असेल तर तो यावा. पण त्याच दिवशी, त्याच निर्णयाने, प्राकृतालाही तो दर्जा मिळाला याकडे आपण काणाडोळा केला. मग नाणेघाट, कार्ले आणि गाथासप्तशती कोणाच्या खात्यावर? दोन्ही खात्यांवर एकच ठेव दाखवणाऱ्याला बँकेत काय म्हणतात ते मी सांगत नाही. कारल्याच्या लेखांची भाषा मराठीची पूर्वज आहे हे म्हणता येते. ती मराठी आहे हे म्हणता येत नाही. पणजीचा जन्मदाखला जोडून नात वय वाढवून घेत नसते.

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे : भाषेचा अभिमान लागतो, तुमच्या नियमांनी कोण पेटून उठणार? आक्षेप पोकळ नाही, आणि तो खोडायला लिथुएनिया सोयीचा नाही, कारण तेथे अभिमान खरोखरच लागला. रशियन साम्राज्याने १८६४ पासून १९०४ पर्यंत लॅटिन लिपीत लिथुएनियन छापायला बंदी केली. चाळीस वर्षे लोकांनी प्रशियात पुस्तके छापून घेतली आणि सरहद्द चोरून पाठीवरून आणली. पकडलेले सैबेरियाला गेले. १८८३ साली बासानाविचियसने काढलेल्या ‘आउश्रा’ या मासिकाने आपल्या भाषेच्या प्राचीनतेचा डंका भरपूर वाजवला, अतिरेकही केला. पण त्यांनी त्या अभिमानाचे काय केले ते पाहा. १९०१ मध्ये याब्लोन्स्किसचे व्याकरण आले. १९०२ पासून बूगाने शब्द गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यातून वाढलेला वीस खंडांचा कोश १९४१ ते २००२ या काळात, दोन परकीय राजवटी सोसून, पुरा झाला. आणि ज्यांच्याकडे प्राचीनतेचा बडेजाव मुळीच नव्हता त्या डचांनी? त्यांचा ऐतिहासिक कोश १८६४ पासून निघू लागला आणि १९९८ मध्ये संपला. चाळीसहून अधिक जाडजूड बांधणी, शब्दागणिक कालानुक्रमे अवतरणे. अभिमान असला तरी कोश, नसला तरी कोश.

आपल्याकडे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत सात खंडांत झाला, १९५० मध्ये पुरवणी निघाली. मूठभर माणसांनी केलेले ते काम पाहून आजही मान लवते. प्राचीन मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस कोश १९९९ मध्ये आला. पण एखादा शब्द प्रथम केव्हा, कोठे, कोणत्या अर्थाने सापडतो हे यादवकाळापासून आजपर्यंत सलग सांगणारा, डच कोशाच्या तोलाचा मराठी कोश पुरा झालेला नाही. पुण्यातच, डेक्कन कॉलेजमध्ये, संस्कृतचा तसा कोश १९४८ पासून चालू आहे. मेय्ये यांच्याच परंपरेत घडलेल्या ज्यूल ब्लॉकचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ, ज्यात वरचे ‘म–व’ आणि ‘ल–ळ’ हे नियम शिस्तीने मांडले आहेत, वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये मराठीत आणला. मेय्ये यांचे एक वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि त्या परंपरेने आपल्याच भाषेवर लिहिलेले पुस्तक ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात ठेवतो.

आणि मावळची बोली? ‘पवनाकाठचा धोंडी’ अभ्यासक्रमात असली की आपण तिच्यातल्या ‘ग्रामीण भाषेचा गोडवा’ या विषयावर दहा गुणांचा प्रश्न घालतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ यांत आज कोणी कसे बोलतो, ठाकर आणि कातकरी वस्त्यांतली नामांची रूपे कोणती, सामान्यरूप तेथे कसे चालते, हे पाहायला विभागातून किती जण जातात? ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५चा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडच्या काळात मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले आणि ते संकेतस्थळावर सर्वांना खुले केले, ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली बातमी वाटते. चर्चासत्रांतून तिचा उल्लेख मी क्वचितच ऐकतो.

त्या दिवशी दुपारी प्रश्नोत्तरांत मी वक्त्यांना ‘लोणावळा’तल्या ‘ळ’विषयी विचारले. ते हसून म्हणाले, हे तांत्रिक झाले. एका विद्यार्थिनीने मात्र मागाहून येऊन विचारले की तिच्या गावाचे नाव कुसगाव, मग त्यातला ‘गाव’ पूर्वी ‘गाम’ होता का. होता, म्हटले. मग ‘कुस’चे काय, असे तिने विचारले, आणि आम्ही दोघे ‘कुश’पासून सुरुवात करून ‘श’ आणि ‘स’ यांचे मराठीतले नियम वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो. तेवढ्यात समारोपाच्या सत्राची घंटा झाली.